गुडघाभर पाण्यातला लव्हाळा

मे महिन्याच्या मध्यावर भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या जुन्या तलावात उतरलं, तर पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, बाजूला थोडं पाणी शिल्लक असतं आणि समोरच्या अंगाला, जिकडून पावसाचं पाणी आत येतं तिकडे, नुसती भेगाळलेली माती. वरवर पाहता तिथे जिवंत काही नाही. पण जिथे वाळून पिवळ्या पडलेल्या बारीक नळ्यांचा खच दिसेल तिथे खुरप्याने वीतभर खणून पाहा. हरभऱ्याएवढे, क्वचित सुपारीएवढे काळपट कंद हाताला लागतात. नखाने साल काढली की आत पांढरा गर. वर माती तापून फुटलेली असते आणि खाली हा कंद थोडीशी ओल धरून पावसाची वाट पाहत असतो.

हा लव्हाळ्याचा कंद. मराठीत लव्हाळा हे नाव पाणथळीतल्या अनेक वनस्पतींना दिलं जातं. मी ज्याच्याबद्दल लिहितो आहे त्याचं शास्त्रीय नाव इलिओकॅरिस डल्सिस. पहिला शब्द ग्रीक, दलदलीशी नातं सांगणारा. दुसरा लॅटिन, अर्थ ‘गोड’. आफ्रिकेपासून भारत, आग्नेय आशिया ते थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तो आपल्या आपण उगवतो. चीनमध्ये याच्याच मोठ्या कंदांच्या वाणाची रीतसर शेती होते. चिनी पदार्थांत ज्या करकरीत पांढऱ्या चकत्या दाताखाली येतात त्या याच्या. इंग्रजीत याला आणि शिंगाड्याला एकच नाव आहे, त्यामुळे पुष्कळांची गफलत होते. शिंगाडा हे पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचं फळ आहे, हा चिखलात तयार होणारा कंद.

तुमच्या गावच्या ढिवरांकडे, म्हणजे तलावावर मासेमारी करणाऱ्या मंडळींकडे, याला वेगळं नाव असेल. ते विचारून घ्या आणि तेच वापरा. मी इथे साधं लव्हाळाच म्हणतो.

पूर्व विदर्भातले हे तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधत आणले. पुढे ते मालगुजारांकडे गेले आणि 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली तेव्हा सरकारजमा झाले. म्हणून आजचं नाव माजी मालगुजारी, बोलीत ‘मामा तलाव’. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या भागात मिळून त्यांची संख्या सहा हजारांवर जाते. या तलावांची एक ठेवण असते. एका बाजूला मातीची उंच पाळ, तिच्या पोटाशी खोल पाणी, आणि उरलेल्या तीन बाजूंना जमीन इतकी हळूहळू वर चढत जाते की पाण्याची कड नेमकी कुठे हे दर आठवड्याला बदलतं. पावसाळ्यात ती कड शेतापर्यंत येते, धानाला पाणी सुटलं की मागे सरते, उन्हाळ्यात कित्येक एकर उघडे पडतात. लव्हाळ्याचं राज्य या सरकत्या पट्ट्यात. पूर्वी तिथे लव्हाळा, देवधान, कुमुदं असं सगळं एकमेकांच्या आधाराने नांदत होतं. मग बेशरमीची झुडपं आली, गाळ साचला, गवत खाणारे परदेशी मासे सोडले गेले, खोलीकरणात काठ उभे कापले गेले, आणि पट्टा उजाड झाला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातल्या बायामाणसांबरोबर काही तलावांत बेशरम उपटून, उथळ भाग नांगरून, देशी पाणवनस्पती परत लावल्या. त्यांत हा लव्हाळाही होता. आपल्या गावच्या तलावाला किंवा शेततळ्याला तो कसा लावायचा, हे मी इथे सावकाश सांगणार आहे. सावकाश अशासाठी, की यात चूक होते ती घाईनेच होते.

आधी ओळख पटवू. लव्हाळा पाहून पहिल्यांदा वाटतं, हा पातीचा कांदा किंवा पाण्यातलं गवत असावं. धान, ऊस, दूर्वा या गवतांना पेरं असतात. बोटांनी खोड चाचपलं की गाठी लागतात. लव्हाळ्याच्या कुळात खोडाला पेर नसतं. त्या कुळातल्या बहुतेकांचं खोड तिधारी असतं, नागरमोथा बोटांत फिरवून पाहा, तीन कडा लागतात. आपला लव्हाळा मात्र गोल आहे. हिरवी, पोकळ, सरळ नळी, कमरेएवढी किंवा त्याहून उंच, आणि तिला पान नाहीच. पानांच्या जागी बुडाशी दोन पातळ खवल्यांसारखी वेष्टनं उरलेली असतात. अन्न बनवण्याचं काम ती हिरवी नळीच करते. नळीत थोड्या थोड्या अंतरावर आडवे पडदे असतात. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरून नळी वरून खाली दाबत न्या, टकटक असा बारीक आवाज करत पडदे फुटतात. तलावाकाठी वाढलेल्या मुलांना हा आवाज ठाऊक असतो. पडदे असलेली आणखी एक लव्हाळवर्गीय वनस्पती त्याच पाण्यात असते, पण तिचे तुरे नळीच्या मध्यावर बाजूने फुटल्यासारखे, घोसाने दिसतात. आपल्याचा तुरा एकटा, नळीच्या अगदी टोकाला, आणि जाडी नळीइतकीच. लांबून तो नळीचाच शेवट वाटतो. पाणकणसाशी मात्र गल्लत करू नका. त्याची पानं रुंद, पट्टीसारखी आणि कणीस तपकिरी. तो चुकून लावला तर पुढची काही वर्षं तोच काढत बसावं लागेल.

आता त्याच्या जगण्याची रीत. लागवडीचं सगळं तंत्र यातूनच निघतं.

कंदाला पाणी लागलं की टोकाचा कोंब जागा होतो आणि पहिल्या तीन-चार नळ्या वर येतात. त्यांचा झुबका झाला की बुडातून आडवे धुमारे सुटतात आणि चिखलात बोट-दोन बोट खोल सरपटत जातात. दीड-दोन महिन्यांनी हे धुमारे टोकाशी वर वळतात आणि तिथे नवा झुबका उभा राहतो. त्या झुबक्यातून पुन्हा धुमारे. सगळा पावसाळाभर लव्हाळा अशी जमीन काबीज करत जातो. बी धरतं, पण ते रुजण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे त्याचा पसारा जवळजवळ सगळा या धुमाऱ्यांवर चालतो. मग तुरे येतात, दिवस लहान होऊ लागतात, आणि धुमाऱ्यांची दिशा बदलते. आता सुटणारे धुमारे वर न येता तिरके खाली जातात आणि त्यांच्या टोकाला गाठ धरते. नळ्यांनी पावसाळ्यात जे कमावलं ते पिठाच्या रूपात त्या गाठींत उतरतं. हिवाळा सरताना नळ्या पिवळ्या पडून आडव्या होतात, पाणी मागे हटतं आणि वर्षाची सगळी शिल्लक चिखलात पुरलेली राहते. तुकोबांमुळे घराघराला माहीत आहे की पुरात लव्हाळा वाकतो म्हणून वाचतो. त्याच्या टिकण्याचा दुसरा भाग असा जमिनीखाली असतो, कोणाच्या नजरेला न पडणारा.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पाण्याखालच्या चिखलात हवा नसते. तिथे मुळं जगतात कारण नळी ही त्यांची श्वासनलिका आहे. पाण्यावर राहिलेल्या टोकाकडून हवा आतल्या पोकळ्यांमधून खाली मुळांपर्यंत पोचते, थोडी मुळांतून बाहेर चिखलातही झिरपते. ठोंब उपटून धुतला तर कधी कधी मुळांवर तांबूस लेप दिसतो, तो चिखलातल्या लोहाला त्या हवेमुळे धरलेला गंज. म्हणजे नळीचं टोक पाण्याबाहेर असेपर्यंत झाड जिवंत. ते पाण्याखाली गेलं आणि तसंच राहिलं, तर मुळं गुदमरतात.

पहिल्या वेळी मला हे कळलं नव्हतं. एका मित्राच्या शेततळ्यात मी चांगले हिरवेगार ठोंब आणून जूनअखेरीस लावले. पाणी कमी होतं म्हणून आतपर्यंत उतरून लावले, ओळीही सुरेख आल्या. आठवड्यात एक रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी तळ्यात कंबरभर पाणी होतं. निम्मे ठोंब तरंगून वर आले होते. पोकळ नळ्यांत हवा असते, मुळांनी माती धरलेली नसते, मग पाणी त्यांना बुचासारखं उचलतं. उरलेले बुडाले ते दिसलेच नाहीत.

म्हणून लागवडीचं अर्धं काम रोपं आणण्याआधी करायचं असतं, आणि ते म्हणजे पातळीची आखणी. तलाव तुडुंब भरतो तेव्हा पाणी सांडव्यावरून वाहतं. ती वरची पातळी पक्की असते. सांडव्याच्या माथ्यापासून गवंड्याची पारदर्शक लेव्हल-नळी लावत उन्हाळ्यात काठाने फिरा आणि त्या पातळीला खुंट्या ठोका. मग त्या ओळीपासून आत उतरत, एक फूट खाली कुठे येतं, दीड फूट कुठे येतं, तिथे दुसरी-तिसरी ओळ ठोका. या खुंट्यांमधला पट्टा लव्हाळ्याचा. भर पावसाळ्यात तिथे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी असेल. जमलेला लव्हाळा याहून खोल पाण्यातही उभा राहतो, पण नव्याने लावलेल्याला ते झेपत नाही. त्याला खोलात आपण उतरवायचं नाही. पुढच्या वर्षी तो आपल्या धुमाऱ्यांनी जमेल तितका उतरेल.

हा पट्टा किती रुंद मिळेल ते उतारावर ठरतं. दहा फूट चालल्यावर एक फूट खोली वाढत असेल तर पंधरा फुटांचा छान पट्टा मिळतो. काठ उभा कापलेला असेल तर पट्टा मिळतच नाही, आणि तिथे कितीही रोपं लावली तरी ती एका ओळीत रडत उभी राहतात. गाळ काढण्याचं काम तुमच्या गावात होणार असेल तर यंत्र यायच्या आधी जाऊन बोला. मधला गाळ काढा, पण वरच्या अंगाचा उतार तसाच ठेवा. माझ्या मते लागवडीइतकंच, कदाचित तिच्याहून जास्त महत्त्वाचं हेच आहे.

पाळीच्या पायथ्याशी हा लव्हाळा लावू नये. त्याची मुळं पाळीला अपाय करत नाहीत, पण रानडुकरांना कंद आवडतात आणि कंदांसाठी ती नांगरल्यासारखी जमीन उकरतात. तेच पाळीला नको. सांडव्याच्या तोंडाशी आणि पाणी सोडण्याच्या जागेजवळही नको, वाळक्या नळ्यांनी ती तुंबते. आणि तलावावर ज्यांचा मासेमारीचा हक्क आहे त्या संस्थेशी, ज्यांची शेतं त्या पाण्यावर आहेत त्यांच्याशी बसून जागा ठरवावी. जाळी कुठे लागतात, गुरं कुठून पाण्यावर उतरतात, हे त्यांनाच माहीत असतं.

पट्ट्यात बेशरम असेल तर ती मुळासकट काढून काठापासून लांब नेऊन वाळवावी. तिची कांडी ओल्या मातीत पडली की फुटते. तोडून तिथेच टाकणं म्हणजे लागवडच. एकदा काढून ती संपत नाही, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फेरी मारावी लागते. काढून झालं की मेमध्ये कोरड्या मातीला एक नांगरट द्यावी. वर्षानुवर्षं गुरांच्या पायांनी दडपलेल्या मातीत धुमारे पसरू शकत नाहीत.

बियाणं दोन प्रकारचं. उन्हाळ्यात आटलेल्या तलावातून कंद गोळा करता येतात, किंवा पाऊस सुरू झाल्यावर हिरव्या झुबक्यांचे ठोंब आणता येतात. शक्यतो त्याच परिसरातल्या तलावातून आणावेत. तिथल्या पाण्याचा चढउतार त्यांना सरावाचा असतो आणि सोबत नको ते तणही येत नाही. एकाच जागेवरून ओरबाडू नये. एक फावडं इथे, पुढचं दहा पावलांवर. कंद आणले तर ते उन्हात ठेवायचे नाहीत. ओलसर मातीच्या थरात, झाडाखाली, पोत्याने झाकून ठेवायचे. सुकून सुरकुतलेला कंद उगवेल याची खात्री नाही.

कंद लावायचे ते मृगाच्या सरींनी माती भिजली की, पाणी चढायच्या आत. दोन-तीन बोटं खोल, कोंबाचं टोक वर. चीनच्या वाणाची शेती करणारे यात एक शहाणपण पाळतात. ते शेत एक दिवस पाण्याने भरतात आणि सोडून देतात, रोप वीतभर झाल्यावरच कायमचं पाणी उभं करतात. तलावात आपल्या हातात तोटी नाही. म्हणून लागवड पट्ट्याच्या वरच्या, उथळ अंगाला दाट आणि आतल्या अंगाला विरळ ठेवायची. पाऊस एकदम आला तरी वरचा भाग वाचतो.

ठोंब असतील तर आर्द्रा ते पुनर्वसूच्या सुमारास, चिखल झालेला असताना लावावेत. प्रत्येक ठोंबात पाच-सहा नळ्या आणि मुठीएवढा मातीचा गोळा हवा. नळ्या फार उंच असतील तर शेंडे थोडे कमी करता येतात, पण उरलेली नळी अपेक्षित पाण्याच्या बरीच वर राहिली पाहिजे. चिखलात हाताने खड्डा करून ठोंब बसवायचा आणि टाचेने घट्ट दाबायचा. जिथे लाटा आपटतात तिथे बांबूच्या आकड्याने चिखलात खिळून टाकायचा. दोन फुटांचं अंतर पुरतं. शंभर फूट काठाला दहा फूट रुंद पट्टा धरला तर असे साधारण 250 ठोंब लागतात; चार माणसांचं एका दिवसाचं काम. अंतर याहून कमी करायची गरज नाही, मधली जागा धुमारे भरून काढतात.

पहिला पावसाळा राखणीचा. कोवळ्या नळ्या म्हशींना आवडतात, त्यामुळे बाभळीच्या काट्यांचं कुंपण किंवा गुराख्यांशी बोलणं, दोन्हीपैकी एक हवंच. दुसरं जास्त टिकतं. ग्रास कार्प असलेल्या तलावात नवी लागवड उभी राहणं कठीण आहे. हा मासा 1959 मध्ये भारतात आणला गेला आणि पाणतण खाण्यासाठीच पुष्कळ ठिकाणी सोडला जातो. त्याच्या दृष्टीने हे कोवळे झुबके म्हणजे चाराच. मत्स्यबीज कोणतं टाकायचं हे आधीच ठरवून घ्यावं. ऑगस्टमध्ये दोन झुबक्यांच्या मध्ये एकेकट्या नव्या नळ्या दिसल्या की समजावं, धुमारे धावू लागले.

मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उलट प्रश्न येतो, की हा थांबणार कुठे? उथळ, गाळाने भरलेल्या, खतपाणी वाहून येणाऱ्या तळ्यात तो सगळं पाणी झाकू शकतो. खोल पाणी ही त्याची नैसर्गिक हद्द. म्हणून कंबरेहून खोल मोकळं पाणी असलेल्या तलावात काळजी नाही. लहान शेततळ्यात मात्र हद्द आपण राखावी लागते. ती राखायची रीत श्वासनलिकेच्या गोष्टीतच आहे. जिथे तो नको तिथे नळ्या पाण्याखाली, बुडाशी कापायच्या. तुटलेल्या टोकातून हवेऐवजी पाणी आत जातं आणि मुळं दमतात. भर पावसाळ्यात एक-दोनदा हे केलं की तो भाग मोकळा होतो. आणि जिथे हवा आहे तिथे चारा किंवा चटईसाठी कापताना पाण्याच्या वर हातभर खुंट ठेवायचे. एकाच विळ्याने झाड राखताही येतं आणि संपवताही येतं. फरक कापण्याच्या उंचीचा. घराच्या अंगणातल्या छोट्या कुंडात लावायचा असेल तर सरळ मातीच्या पसरट कुंडीत लावून कुंडी पाण्यात बुडवून ठेवावी.

नळ्यांच्या चटईची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. इंडोनेशियात कालिमंतानच्या दलदलीत याच लव्हाळ्याला ‘पुरून तिकुस’ म्हणतात आणि वाळवलेल्या नळ्यांच्या चटया विणतात. तिथल्या धानाच्या शेतकऱ्यांना त्याचा आणखी एक उपयोग सापडला आहे. धानाच्या पांढऱ्या खोडकिड्याची मादी अंडी घालायला शेताकडेच्या या लव्हाळ्याकडे ओढली जाते, आणि धानावरचा भार हलका होतो. आपल्याकडच्या खोडकिड्याची जात वेगळी आहे, तेव्हा तोच हिशोब इथे लावता येणार नाही. तरी धानाच्या बांधीला लागून लव्हाळा असलेल्या गावात कोणी हे बारकाईने पाहिलं तर मला फार आवडेल.

कंद माणसाने खायला हरकत नाही. पण तलावातून काढून दाताने सोलू नये. पाणवनस्पतींच्या सालीला चिकटलेल्या सूक्ष्म अवस्थांतून आतड्यातली चपटी कृमी माणसात येते. धुऊन, उकडून, मग सोलून खावेत.

माशांसाठी या पट्ट्याचं मोल ढिवर सांगतात ते ऐकण्यासारखं असतं. मरळ उथळ पाण्यातल्या अशा झुडपाटात जागा साफ करून अंडी घालते आणि नर-मादी पिल्लांची राखण करतात. नळ्यांच्या गर्दीत मोठ्या माशाला शिरता येत नाही, तिथे बारीक मासोळी वाढते. वाऱ्याने उठलेली लाट पट्ट्यात शिरून मरते, काठाची माती ढासळत नाही, आणि शेतातून येणारा गाळ तिथेच खाली बसतो. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी यांचा तर तिथे मुक्कामच.

आणि सारस. महाराष्ट्रात आता तो गोंदिया आणि आसपासच्या भागात मोजकाच उरला आहे. पाणवनस्पती ओढून, त्यांचा ढीग रचून तो उथळ पाण्यात घरटं करतो आणि लांब चोचीने चिखलातले कंद उकरतो. व्हिएतनामच्या त्राम चिम राष्ट्रीय उद्यानात सारस कोरड्या ऋतूत मुख्यतः याच लव्हाळ्याच्या कंदांसाठी उतरत. तिथे कालवे खोदल्यावर आणि आगीच्या भीतीने वर्षभर पाणी अडवून ठेवल्यावर लव्हाळा खंगला आणि सारसही येईनासे झाले. पाणी सतत उभं राहणं हेही लव्हाळ्याला मानवत नाही. त्याला चढतं पाणी हवं तसं उतरतंही हवं, आणि सारसालाही ते उतरलेलं हवं, कारण पाणी उतरून मऊ चिखल उघडा पडला तरच चोच कंदापर्यंत पोचते.

म्हणून लागवडीनंतरच्या पहिल्या मेमध्ये पट्टा वाळलेला पाहून कोणी घाबरून टँकरने पाणी ओतू नये. जिथे ठोंब लावला होता तिथून दोन हात लांब, खुंट्यांच्या ओळीच्या आत, एकच खुरपं घालून बघावं. काळे कंद दिसले तर मोजावेत, एखादा फोडून आतला गर पांढरा आहे ना ते पाहावं, आणि बाकीचे त्याच खड्ड्यात ठेवून वरून माती ओढून घ्यावी.